लहानपणी अर्धवट राहिलेली रहस्यकादंबरी पुन्हा कशी वाचावी

प्रवासवर्णन किंवा चरित्र अर्ध्यावर राहिलं तर फारसं अडत नाही. रहस्यकादंबरीचं तसं नसतं. पडक्या वाड्याच्या माडीवर रात्री कंदील कोण लावायचं, देवळातला मुखवटा कुणी पळवला, हे कळायचं राहून गेलेलं असतं आणि पंचवीस-तीस वर्षांनीही मधूनच ते आठवत राहतं. असं पुस्तक शोधून शेवटपर्यंत वाचता येतं, पण कामाला क्रम लागतो. अनेक जण थेट दुकानात जातात, नाव आठवत नाही म्हणून हात हलवत परत येतात. काहींना पुस्तक मिळतं, पण मुखपृष्ठामागचा मजकूर वाचून गुन्हेगार आधीच कळतो आणि मग उरलेलं पुस्तक वाचावंसं वाटत नाही.

आधी ठरवा, पुस्तक सुटलं कशामुळे

शोध कुठे घ्यायचा आणि परत वाचताना काय सांभाळायचं, हे बरंचसं याच उत्तरावर ठरतं. सगळ्यात सामान्य कारण म्हणजे सुट्टी संपली. पुस्तक मामाच्या गावचं होतं किंवा वाचनालयाला परत द्यायचं होतं. अशा वेळी ते गाव आणि ते वाचनालय हाच पहिला धागा.

दुसरं कारण भीती. भुयार, स्मशान, मागून येणारी पावलं, अशा एखाद्या प्रसंगाला पुस्तक मिटलेलं असतं. यात मिटलेलं पान अचूक आठवतं, त्यामुळे ओळख पटवणं सोपं जातं.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे पुस्तकच सदोष होतं. पुस्तक छापतात ते फर्म्यांत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं छापायची, तो घडी घालायचा आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवायचे किंवा पिना मारायच्या. पहिला फर्मा पान १ ते १६, दुसरा १७ ते ३२, तिसरा ३३ ते ४८. बाइंडरकडे फर्मे गोळा करताना चूक झाली, तर दुसरा फर्मा दोनदा येतो आणि तिसरा गायब होतो. पान ३२ उलटलं की पुन्हा पान १७ ते ३२ आणि त्यानंतर एकदम ४९. मुलाला वाटतं, आपल्यालाच गोष्ट समजत नाही, आणि तो पुस्तक सोडून देतो. 'मध्येच गोष्ट तुटली' किंवा 'तोच प्रसंग परत आला' असं आठवत असेल, तर हे कारण धरून चाला. मग तीच प्रत शोधण्यात अर्थ नाही, त्याच आवृत्तीची दुसरी प्रत पाहायला हवी.

चौथं कारण 'क्रमशः'. जे पुस्तक म्हणून आठवतं ते मुळात मासिकातलं असतं आणि पुढचा अंक घरी आलेला नसतो. पानं मोठी होती, दोन स्तंभांत मजकूर होता, त्याच पानांवर कोडी किंवा विनोद होते, असं काही आठवलं तर दुकानं सोडा आणि मासिकांच्या फायली पाहा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. ज्यांचं बालपण त्यानंतरचं आहे, त्यांनी सुरुवात तिथून करावी. वर्ष साधारण माहीत असेल तर बारा अंकांच्या अनुक्रमणिका अर्ध्या तासात चाळून होतात. दिवाळी अंकही पाहा, कारण पुष्कळ बालकादंबऱ्या आधी तिथे संक्षिप्त रूपात आल्या आणि पुढे वाढवून पुस्तकं झाली.

आठवणींची चिठ्ठी

एक कोरा कागद घ्या. त्यावर, कुणाला विचारण्याआधी आणि इंटरनेट उघडण्याआधी, आठवतं ते सगळं लिहून काढा. आधी विचारलं तर समोरचा दोन-तीन नावं सुचवतो आणि ती आपल्या आठवणीत मिसळतात. मग जे कधी वाचलंच नाही तेही आठवू लागतं.

लिहिताना प्रत्येक ओळीपुढे भरवसा लिहा: पक्कं, बहुधा, अंधूक. मुखपृष्ठाचा रंग नेहमी 'अंधूक'मध्ये टाका. वाचनालयं नव्या पुस्तकाचं पातळ मुखपृष्ठ काढून पुठ्ठ्याची बांधणी करून घेत, त्यामुळे तुम्हाला आठवणारा लाल किंवा हिरवा रंग बाइंडरच्या कापडाचा असू शकतो. नावातला शब्दही कमी भरवशाचा, कारण 'रहस्य', 'गूढ', 'भुयार', 'खजिना', 'टोळी' हे शब्द शेकडो नावांत आहेत. त्यापेक्षा उपयोगी पडतात त्या बारीक गोष्टी. मुलं किती होती? सोबत कुत्रा होता का? गाव कोकणातलं होतं की घाटावरचं? मोठ्या माणसाचा व्यवसाय काय होता? एखादं चित्र आठवतं का, आणि त्यात माणूस डावीकडे पाहत होता की उजवीकडे? एखादा तोंडात बसलेला शब्द किंवा सांकेतिक लिपी? सांकेतिक लिपी आठवत असेल तर ती काढून दाखवा. ग्रंथपाल किंवा जुना वाचक ती बघून पुस्तक ओळखण्याची शक्यता बरीच असते.

नायक आठवतो पण गोष्ट नाही, असं झालं तर पुस्तक मालिकेतलं असणार. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, वीसएक पुस्तकांत आहे. तिथे 'फास्टर फेणेचं पुस्तक' एवढं सांगून भागत नाही, स्थळ आठवावं लागतं. बर्फ आणि काश्मीर आठवत असेल तर 'गुलमर्गचे गूढ', किल्ला आठवत असेल तर 'प्रतापगडावर', अशी नावांतूनच वाट निघते. पडद्यावर पाहिलेलं मात्र चिठ्ठीत मिसळू देऊ नका. २०१७ च्या चित्रपटातला बनेश शाळकरी नाही, चांगला मोठा आहे आणि ती गोष्टही वेगळी आहे.

अनुवाद आणि रूपांतर यांतला फरकही इथेच ध्यानात घ्या. रूपांतरात परदेशी खेड्याचं कोकणातलं गाव होतं, मुलांची नावं मराठी होतात, चहासोबत भजी येतात. त्यामुळे मूळ परदेशी पुस्तकाच्या नावाने शोधून मराठी पुस्तक सापडत नाही. पण गोष्टीत न जुळणारं काही आठवत असेल, म्हणजे घराला धुराडं, समुद्रकाठी धुकं, मुलांनी रात्री तंबूत एकटं राहणं, तर रूपांतर असावं असं चिठ्ठीत जरूर लिहा.

शोध कुठे घ्यायचा

आधी घर. माळ्यावरच्या ट्रंका, भावंडांची कपाटं, गावचं घर. बहीणभावांना विचारताना नाव विचारू नका, प्रसंग सांगा: "विहिरीतून वाट असलेलं पुस्तक आठवतं का?" नाव आठवत नसलं तरी विहीर आठवते.

मग ते मूळ वाचनालय. बालविभागातली पुस्तकं सगळ्यात लवकर फाटतात आणि निर्लेखनात जातात, म्हणजे नोंदवहीतून अधिकृतपणे कमी केली जातात. पण पुस्तक गेलं तरी दाखल नोंदवही राहते. तीत दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत अशी एकेक ओळ असते. तुम्ही ज्या वर्षी वाचलं त्याच्या मागची पाच वर्षं धरून ग्रंथपालांना विनंती करा आणि गर्दी नसलेल्या वेळी बसून पानं चाळा. छोट्या गावच्या वाचनालयात एका वर्षाची बालपुस्तकं फार नसतात. नाव डोळ्यासमोर आलं की बहुतेकदा ओळखू येतं, जे नुसतं आठवून सापडत नव्हतं.

नाव कळलं की मोठी ग्रंथालयं. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, पणजीचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय अशा ठिकाणी जुना मराठी संग्रह आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतातल्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. सगळे पाठवतात असं नाही, छोटे प्रकाशक तर पुष्कळदा राहून जातात, पण इतर सगळे दरवाजे बंद झाले की हे दोन ठोठवावेत. पुस्तक आजी-आजोबांच्या काळातलं असेल, तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागून घ्या. १८०० पासून १९५० पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची ती सूची आहे. अमेरिकेत असाल तर तिथल्या विद्यापीठांची ग्रंथालयं विसरू नका. १९६२ पासून पीएल-४८० या अमेरिकी सरकारच्या योजनेखाली भारतीय भाषांतली पुस्तकं तिकडे नियमित गेली आणि आंतरग्रंथालय देवघेवीतून ती तुमच्या गावच्या ग्रंथालयात मागवता येतात.

विकत हवं असेल तर आधी पुनर्मुद्रण आहे का ते प्रकाशकाकडे विचारा. नसेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातले जुनी पुस्तकं विकणारे, मुंबईत हुतात्मा चौक आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ. विक्रेत्याला नुसतं "जुनी बालपुस्तकं आहेत का" विचारू नका, तो शालेय पुस्तकं दाखवेल. नाव, लेखक आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या, महिन्याने पुन्हा जा. रद्दीतून माल येतो तो मे-जूनमध्ये आणि दिवाळीआधीच्या साफसफाईत, त्या सुमारास फेरी फळते.

इंटरनेटवरच्या स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचा मोठा अडथळा म्हणजे त्यांची नावं रोमन लिपीत आणि अनेकदा चुकीची टंकलेली असतात. 'रहस्य' हा एकच शब्द चार-पाच तऱ्हांनी सापडतो. म्हणून आधी देवनागरीत, मग लेखकाचं फक्त आडनाव रोमनमध्ये, मग प्रकाशनवर्ष टाकून, असं तीनदा शोधा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ही मुदत संपलेली नसेल तर कुणीतरी फिरवलेली पीडीएफ घेण्यापेक्षा वाचनालयात बसून वाचणं योग्य.

हेच ते पुस्तक का, आणि हीच ती आवृत्ती का

प्रकाशक-मुद्रकाचा मजकूर असलेलं पान उघडा. पुष्कळ जुन्या बालपुस्तकांत वर्ष छापलेलं नसतं किंवा फाटलेलं असतं, तरी काळ काढता येतो.

किंमत पाहा. 'रु. १-८-०' अशी रुपये-आणे-पै असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, कारण १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गेला. पत्ता पाहा. 'पुणे २', 'मुंबई ४' असा एकदोन आकडी विभाग असेल तर बहुधा १९७२ पूर्वीचं, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८८५ हे १९६३ आणि ६४ मधलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १३ आकडी असेल तर ती प्रत बहुतेक २००७ किंवा त्यानंतरची. शुद्धलेखनही मदत करतं. 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां' असे अनुस्वार असतील तर मजकूर १९६२ च्या नियमांआधी जुळवलेला असावा. हा पुरावा मात्र जोडीला ठेवायचा, कारण काही छापखाने पुढेही जुन्या वळणाने जुळणी करत राहिले.

पानाच्या मागच्या बाजूवर हलकेच बोट फिरवा. अक्षरांचा उठाव लागला तर खिळाजुळणीची, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेली छपाई. सपाट लागलं तर ऑफसेट, म्हणजे बहुधा नंतरची आवृत्ती.

इतकी चौकशी कशासाठी? नव्या आवृत्तीत चित्रं बदललेली असतात, आणे-पैसे रुपये झालेले असतात, क्वचित एखादं प्रकरणही छाटलेलं असतं. तुम्ही जिथे थांबला होता ते पान क्रमांकाने शोधायचं असेल तर आवृत्ती तीच लागते. नुसती गोष्ट पुरी करायची असेल तर नवं पुनर्मुद्रण घ्या. डोळ्यांना सोपं जातं आणि पानंही सगळी असतात.

जुनी प्रत घेण्याआधी फर्मे तपासा. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. तो क्रमाने येतो का, ते पाहा. आकडा नसेल तर पान १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे तपासा. शीर्षकाची पानं क्रमांकात धरली आहेत की नाही यावर सांधा थोडा पुढेमागे सरकतो. शेवटचा फर्मा सगळ्यात महत्त्वाचा. मागचं कव्हर सुटलं की आधी तोच निखळतो, आणि रहस्यकथेचा उलगडा नेमका त्यातच असतो.

प्रत वाचण्याजोगी करणं

उघडून वाचायला बसू नका. आधी गच्चीत किंवा खिडकीपाशी, उन्हात नव्हे, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने धूळ झाडा. तोंडाला मास्क लावा. कसरीची भोकं किंवा हलणारे बारीक किडे दिसले तर पुस्तक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर पाणी धरतं आणि बुरशीचं निमित्त होतं. पुस्तकात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. वास वर्षानुवर्षं जात नाही आणि वाचताना डोकं दुखतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा होतो, कागदात झिरपतो, पट्टी गळून पडते आणि अक्षरांवर तपकिरी डाग कायमचा राहतो. त्याऐवजी एक चमचा मैदा पाच-सहा चमचे पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा, गाळून घ्या. जपानी टिश्यू कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि तेच पानाला धरून ठेवतात. फाटेच्या दोन्ही कडा जुळवा, पट्टीला खळ अगदी पातळ लावा, बसवा. वर-खाली बटर पेपर ठेवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. पुठ्ठ्याच्या बांधणीत ते ठीक, पण छापील पानावर नको, कारण तांब्यामुळे कागद लवकर झिजतो. शिवाय मोरचूद विषारी, आणि हे पुस्तक पुढे लहान मुलांच्या हाती जाणार असतं.

कोपरा अलगद दुमडला तरी तुटतो, इतका कागद ठिसूळ झाला असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. जुन्या स्वस्त कागदात आम्ल तयार होत राहतं, तो आतूनच संपलेला असतो. पुस्तक ९० अंशांपेक्षा जास्त न उघडता, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय पानांचे फोटो घ्या आणि स्वतःपुरते फोटोंवरून वाचा. गंजलेल्या पिनांचं पुस्तक सपाट उघडण्याचा मोह टाळा. पान पिनेपाशीच तुटतं.

रहस्य फुटू न देण्याची तयारी

मुखपृष्ठावर चित्रकाराने बहुतेक वेळा शेवटचा थरारक प्रसंग काढलेला असतो, आणि मागच्या बाजूला प्रकाशकाने गोष्ट जरा जास्तच सांगितलेली असते. म्हणून शाळेत घालत होतो तसं खाकी कागदाचं कव्हर आधी घाला. अनुक्रमणिका झाकून ठेवा. 'मामाच गुन्हेगार!' अशा थाटाची प्रकरणांची नावं बालकादंबऱ्यांत सर्रास सापडतात. वाचनालयाची प्रत असेल तर आणखी एक धोका: आधीच्या वाचकाने पहिल्याच प्रकरणात एखाद्या नावापुढे पेन्सिलीने 'चोर हाच' लिहिलेलं असतं. घरातल्या कुणाला तरी आधी पानं चाळायला सांगा आणि अशा जागी कागदाचा चिटोरा ठेवून घ्या. खोडरबर नको, मऊ कागद उकलतो.

सुरुवात पहिल्या पानापासूनच

जिथे सोडलं तिथून पुढे वाचायचं, हा हिशेब रहस्यकथेत चुकतो. खुणा पहिल्या एक-तृतीयांश भागात पेरलेल्या असतात आणि त्या तुम्ही विसरलेल्या आहात. थेट शेवटाकडे गेलात तर नाव कळेल, पण ते नाव कशावरून, हे कळणार नाही.

शंभरेक पानांची बालकादंबरी प्रौढ वाचक अडीच-तीन तासांत संपवतो. ती दोन बैठकींत वाचा. पहिली बैठक सुरुवातीपासून तुम्ही लहानपणी जिथे थांबला होता तिथपर्यंत. ते पान आलं की पुस्तक मिटा आणि वहीत तीन ओळी लिहा: कोणी केलं, कसं केलं, कशासाठी केलं. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, उरलेलं सलग. हा मधला थांबा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहानपणी तुम्हाला नेमका कोणता प्रश्न पडला होता, ते इथेच पुन्हा दिसतं. पहिल्या बैठकीत आणखी कुठे थांबावं लागलं तर प्रकरणाच्या मध्ये थांबा, शेवटी नव्हे. प्रकरणाचा शेवट ताण वाढवून तोडलेला असतो, आणि भीतीने पुस्तक मिटलं गेलं ते बहुधा अशाच जागी. दोन-तीन पानं पुढे गेलं की त्या भीतीचं कारण बरेचदा उलगडतं.

शेजारी वही ठेवा. चार रकाने पुरतात: पान, काय दिसलं किंवा ऐकू आलं, कोणी सांगितलं, किती वाजता. वाड्याचा किंवा गावाचा नकाशा काढा, ओबडधोबड चालेल. जिना कुठल्या बाजूला आहे, माडीवरून विहीर दिसते का, हे कागदावर आलं की कोण खोटं बोलतंय ते पुष्कळदा लगेच कळतं.

खूण कशी लपवतात ते एकदा जवळून पाहा. असं वाक्य घ्या: 'कोनाड्यात पितळी तांब्या, विझलेला कंदील आणि रामूकाकांची जुनी वहाण होती. बंडूने कंदील बाजूला केला आणि हात झटकला.' तीन वस्तूंच्या यादीत मधली वस्तू वाचकाच्या नजरेतून निसटते. शिवाय 'विझलेला' म्हटल्यावर आपण तो जुना, पडून राहिलेला समजतो. पण बंडूने हात झटकला तो धुळीमुळे की काच गरम होती म्हणून? गरम असेल तर पाच मिनिटांपूर्वी इथे कुणीतरी होतं. मुलांसाठी लिहिणारा चांगला लेखक खूण दाखवतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात कुत्रा भुंकवतो किंवा जेवायची हाक मारवतो, म्हणजे लक्ष उडावं. अशी अचानक हाक आली की एक वाक्य मागे जा.

चित्रंही तपासा. चित्रकाराला हस्तलिखित किंवा प्रसंगाचं वर्णन दिलेलं असतं, त्यामुळे मजकुरात नंतर येणारी गोष्ट, माणसाच्या हातातली अंगठी किंवा भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, चित्रात आधीच असू शकते. उलट कधी मजकुरात डावा पाय लंगडा आणि चित्रात उजवा असतो. ती खूण नव्हे, चूक. तीच गोष्ट दोन वेगळ्या चित्रांत आली तरच तिला पुरावा माना.

प्रौढ वाचकाची अडचण अशी की 'कोण' हे विसाव्या पानावरच कळतं. गोष्टीत मोठी माणसं चार-पाचच असतात, त्यातला एक फार गोड बोलतो. तेवढ्यावर पुस्तक ठेवून देऊ नका. बालरहस्यकथेत लेखकाची मेहनत बहुतेकदा 'कोण'मध्ये नसते, 'कसं'मध्ये असते. त्यामुळे नाव कळलं असं वाटलं की वहीतला पुढचा प्रश्न 'त्या वेळी तो तिथे पोचला कसा' हा ठेवा.

जुन्या काळाचे हिशेब

याच ठिकाणी आजचा वाचक हमखास घसरतो, कारण गोष्टीतला पुरावा त्या काळच्या सोयी-गैरसोयींवर उभा असतो. ट्रंक कॉल एक्स्चेंजमध्ये नोंदवावा लागे आणि लागेपर्यंत ताटकळावं लागे. म्हणजे 'मी दहा वाजता मुंबईला फोन केला' असं म्हणणाऱ्याची नोंद ऑपरेटरकडे असणार. तार करणाऱ्याला तारघरात फॉर्म भरावा लागे, तिथे त्याचं हस्ताक्षर राहिलं. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आजच्या मुलाला हे समजावून द्यावं लागतं. टंकलेखन यंत्राचं एखादं अक्षर झिजलेलं किंवा वर उचललेलं असे, त्यावरून धमकीचं पत्र कुठल्या यंत्रावर लिहिलं ते ठरे.

प्रवासाची वेळ तर फार महत्त्वाची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधीच्या गोष्टीत मुंबईहून रत्नागिरीकडे जायचं म्हणजे घाट उतरणारी रात्रीची एसटी, किंवा आणखी आधी भाऊच्या धक्क्यावरून बोट, आणि पावसाळ्यात बोट बंद. गोष्ट श्रावणातली असेल आणि कुणी 'बोटीने आलो' म्हणत असेल, तर त्याच्या नावाखाली रेघ ओढा. मापंही बदलून घ्या: तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, मैल १.६ किलोमीटर, कोस साधारण ३ किलोमीटर. चोरलेले पन्नास तोळे म्हणजे ५८३ ग्रॅम, एका मुलाच्या दप्तरात सहज मावतील. पाच हजार चांदीचे रुपये मात्र मावणार नाहीत. एक नाणं साधारण एक तोळ्याचं, म्हणजे ऐवज ५८ किलोंचा. तो उचलायला दोन माणसं लागली असणार, आणि गुन्हेगार एकटा नव्हता हे तिथेच कळतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि तिची तयारी ठेवावी. त्या काळच्या अनेक पुस्तकांत पहिला संशय फासेपारधी, डोंबारी किंवा फिरस्त्या बैराग्यावर घेतला जातो, आणि क्वचित शेवटी तोच दोषी निघतो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या मनातला शिक्का इतक्या लवकर पुसला गेला नाही. एकटे वाचत असाल तर वहीत नोंद करा, की संशयाला पुरावा होता की नुसती जात होती. मुलांना वाचून दाखवत असाल तर ते पान गाळू नका. थांबा आणि हाच प्रश्न त्यांना विचारा. मुलं त्याचं उत्तर बरोबर देतात.

संपल्यावर

उलगडा वाचून झाला की वहीतल्या तीन ओळी पडताळा आणि पुस्तक लगेच एकदा भरभर उलटं चाळा, शेवटच्या प्रकरणाकडून पहिल्याकडे. प्रत्येक खूण कुठल्या पानावर होती ते लिहा. पाचपैकी चार सापडल्या तर लेखक प्रामाणिक. एकही सापडली नाही आणि शेवटी अचानक जुळा भाऊ उगवला, तर उलगडा कच्चा, आणि तसं म्हणायला हरकत नाही. पण कच्च्या उलगड्याच्या पुस्तकातही वाड्याचं, पावसाचं, मुलांच्या एकमेकांतल्या भांडणाचं वर्णन सुरेख असू शकतं. तुम्हाला इतकी वर्षं जे आठवत होतं ते बहुधा तेच.

तुमच्या शोधात वाचनालयाच्या एखाद्या प्रतीत फर्मा गहाळ असल्याचं कळलं असेल, तर ग्रंथपालांशी बोला. चांगल्या प्रतीवरून तेवढ्या सोळा पानांची झेरॉक्स दोन्ही बाजूंना, मूळ आकारात काढा. क्राउन आकाराचं पुस्तक साधारण ७.५ बाय ५ इंच असतं, डेमी ८.५ बाय ५.५. कण्याच्या बाजूला अर्धा इंच कोरी जागा सोडा, नाहीतर बांधणीत अक्षरं जातात. बाइंडरकडून ती पानं जागेवर बसवून घ्या आणि दोनदा आलेला फर्मा काढायला सांगा. मग त्या प्रतीत पान ३२ उलटल्यावर पान ३३ येईल.